जीन्सचा पत्ता

बदलापूर सोडून गाडी वांगणीकडे निघाली की थोड्याच वेळात चामटोली येतं. हे नाव महाराष्ट्रभर पोचलं ते २७ जुलै २०१९ रोजी. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह इथे अडकून पडली. गावकरी, एनडीआरएफ आणि नौदल यांनी मिळून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. एरवी इथली उल्हास अशी अंगावर येत नाही. राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ, वांगणी मागे टाकत ती इथवर येते, आणि अंबरनाथ-उल्हासनगरचा कारखान्यांचा पट्टा तिला अजून लागलेला नसतो.

चामटोलीत माझी मावसबहीण राहते. गेल्या दिवाळीत तिच्या मुलाने बदलापूरच्या दुकानातून जीन्स आणली. निळ्या पॅन्टला जाड, मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या तपकिरी पुठ्ठ्याचा टॅग होता आणि त्यावर हिरव्या पानाखाली छापलं होतं ‘इको वॉश’. भाच्याने तो टॅग माझ्यापुढे धरला. “मावशी, हे खरं असतं का? आणि खरं आहे की नाही ते आपल्याला कळणार कसं?”

हे प्रकरण त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. ते मला त्या दिवशी देता आलं नाही, कारण अर्धं उत्तर टॅगवर नव्हतंच. ते चामटोलीहून थोड्याच अंतरावर, उल्हासनगरात होतं.

आधी त्या पॅन्टकडे नीट बघू. आतल्या शिवणीत एक पांढरी पट्टी असते. तिच्यावर कापडाचं प्रमाण लिहिलेलं असतं, म्हणजे सुती किती, पॉलिएस्टर किती, ताणण्यासाठी इलास्टेन किती. धुण्याच्या सूचना असतात. पॅकबंद मालावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांच्यापैकी कोणाचं तरी नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. भाच्याच्या पॅन्टवर पत्ता होता एका मोठ्या शहरातल्या कार्यालयीन इमारतीचा, सातवा मजला. सातव्या मजल्यावर कोणी जीन्स शिवत नाही, धूत तर नाहीच. पॅन्टचा तो पत्ता विकणाऱ्याचा होता. ब्रँड पर्यावरणाशी आणि माणसांशी कसा वागतो हे तपासायचं असेल, तर पॅन्टचे बाकीचे पत्ते शोधावे लागतात: कापूस कुठला, सूत कुठलं, कापड कुठे विणलं, कुठे कापलं, कुठे शिवलं, कुठे धुतलं, धागे कोणी कापले. या साखळीत ब्रँड ज्या कड्यांना स्वतःचं म्हणत नाही, त्याच कड्यांवर त्याची नीती ठरते असं माझं मत झालं आहे. आणि जीन्सच्या बाबतीत असं पहिलं कडं म्हणजे धुलाई.

नव्या पॅन्टला धुलाई कशाला? जीन्सच्या कापडात उभे धागे निळीने रंगवलेले असतात आणि आडवे पांढरेच ठेवलेले असतात. ही नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर बसते. म्हणून जीन्स घासली की आतला पांढरा धागा डोकावतो. पूर्वी कामगाराच्या गुडघ्यावर, मांडीवर हे दोन-तीन वर्षांत आपोआप व्हायचं. आज तीन वर्षांचा वापर कारखान्यात एका दिवसात करून दाखवतात. आधी विणताना धाग्याला लावलेली खळ धुऊन काढतात. मग मोठ्या फिरत्या ड्रममध्ये पॅन्टी आणि प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका, छिद्रांचा दगड, एकत्र घुसळतात. दगडाऐवजी किंवा त्याच्या जोडीला सुती धागा कुरतडणारी विकरं वापरतात. हवी तशी फिकी छटा आणायला ब्लीच वापरतात. मांडीवर पांढरट ओरखडे हवे असतील तर पॅन्ट फुगवलेल्या रबरी पायांवर चढवून तिच्यावर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. विहिरीत टाकायचं ते हेच जांभळं औषध. फवारताच जांभळं दिसतं, थोड्या वेळात मातकट होतं, आणि नंतरच्या रसायनात बुडवलं की तिथला निळा रंग गेलेला असतो. मग हायड्रो नावाच्या यंत्रात पिळून, ड्रायरमध्ये सुकवून माल बाहेर. प्रत्येक टप्प्याला पाणी बदलतं. नीळ, खळ, दगडाची पूड, ब्लीच, क्षार असं सगळं त्या पाण्यात उतरतं.

याच कामाचा एक भीषण प्रकार म्हणजे दाबाने वाळू मारून जीन्स झिजवणं. त्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन तरुण कामगार मरू लागले, तेव्हा २००९ साली तुर्कस्तानने जीन्सवर वाळू मारण्यावर बंदी घातली. ज्याला आपण ‘फेडेड लुक’ म्हणतो त्याची किंमत तिथल्या पोरांनी श्वासाने मोजली होती.

आता वालधुनी. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरांकडून ही छोटी नदी येते. अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून ती वाहते. त्या मंदिराच्या शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांचा काळ. कोणत्याही कोरीव मंदिराशेजारी असावी तशी ती स्वच्छ असणार, तेव्हाच तर मंदिर तिच्या काठी बांधलं. तिथून ती उल्हासनगरच्या मधून कल्याणला जाऊन खाडीला मिळते. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना आणलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी गावाला उल्हास नदीवरून नाव दिलं. घरदार गमावून आलेल्या या लोकांनी बरॅकींमधून जो उद्योग उभा केला त्याला तोड नाही, हे मी मनापासून लिहिते. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्यात हेटाळणी जास्त आणि त्या कष्टाची जाण कमी. पुढे शहराच्या कॅम्प पाच या भागात जीन्सचा मोठा बाजार वाढला. कटिंग मास्तर, शिलाई कारखाने, काज-बटणवाले, वॉशवाले असं सगळं काही गल्ल्यांच्या अंतरावर. देशभरचे व्यापारी इथून माल उचलतात आणि आपापलं लेबल लावतात.

पण वॉशचं पाणी नाल्यात जात होतं आणि नाले वालधुनीत. त्यात अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचं पाणी, शहरांचं मैलापाणी. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कोणीतरी वालधुनीत रसायन ओतलं, रात्रीत विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जुलै २०१५ मध्ये लवादाने सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर मिळून सुमारे ९५ कोटींची भरपाई लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढच्या काही वर्षांत उल्हासनगरमधल्या शेकडो जीन्स वॉश कारखान्यांवर कारवाई झाली, वीज तुटली, पाणी तुटलं.

मग जीन्स धुणं थांबलं का? दुकानं तर भरलेलीच होती. बरेच वॉशवाले कल्याण-अंबरनाथच्या ग्रामीण पट्ट्यात पांगले, जिथे शेड भाड्याने मिळते, बोअरचं पाणी मिळतं आणि तपासणीला येणाऱ्याला आधी गाव शोधावं लागतं. तिथले नाले निळे झाल्याच्या बातम्या नंतर येत राहिल्या. शहराबाहेर ढकललेला कारखाना ओढ्याच्या आणखी वरच्या अंगाला जातो. चामटोलीसारखी गावं म्हणूनच मला या गोष्टीत महत्त्वाची वाटतात. इथली नदी आज बरी आहे ती कोणी जपली म्हणून नाही. धुलाईला अजून तिथवर यायची गरज पडली नाही, म्हणून.

नदी बिघडणं आणि मग कारखान्यांवर कारवाई, हे तमिळनाडूत तिरुपूरलाही घडलं. नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने इतकी खराब झाली की खालच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सगळे ब्लीचिंग-डाईंग कारखाने बंद करायला सांगितलं. नंतर जे उघडले ते सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर. त्यासाठी पाणी गाळून, आटवून, पुन्हा वापरावं लागतं. मागे क्षारांचा गाळ उरतो, तोही कुठेतरी ठेवावा लागतो. यात वीज लागते, यंत्रं लागतात, म्हणजे पैसे लागतात. आणि इथेच ब्रँड तपासण्याची सगळ्यात उपयोगी किल्ली सापडते.

समजा वॉशवाल्याला नगामागे वीस रुपये मिळतात आणि पाणी नीट शुद्ध करायला त्यातले पाच लागतील. हे आकडे फक्त हिशेबापुरते. व्यापारी म्हणाला की वीसच देईन, शेजारचा अठरात करतो, तर वॉशवाल्यापुढे दोनच वाटा उरतात. शुद्धीकरण यंत्र रात्री बंद ठेवायचं, नाहीतर धंदा बंद करायचा. यंत्र बसवलेलं असतं, तपासणीच्या दिवशी सुरूही असतं. म्हणून ‘आमच्या पुरवठादारांकडे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आहे’ हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारते: ती चालवण्याचा खर्च धरून तुम्ही धुलाईचा दर वाढवला का? नियम वाढले आणि दर तसाच राहिला, तर फरक नदीने भरलेला असतो.

पाण्याच्या आकड्यांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण ब्रँड सगळ्यात जास्त धूळ इथेच उडवतात. लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली आपल्या ५०१ जीन्सचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. एका पॅन्टमागे ३,७८१ लिटर पाणी, आणि ३३.४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू. पाण्यातला ६८ टक्के वाटा कापसाच्या शेतीचा, २३ टक्के गिऱ्हाइकाने घरी धुण्याचा. कापड आणि शिलाई-धुलाईचा वाटा उरलेल्यात. कंपनीने हे स्वतःहून मांडलं ही चांगलीच गोष्ट. पण त्यातून कोणी म्हणेल की कारखान्यातली धुलाई म्हणजे किरकोळ बाब, तर त्याने वालधुनीच्या पुलावर उभं राहून बघावं. कापसाने घेतलेलं पाणी आणि वॉशमधून बाहेर पडलेलं पाणी यांची लिटरमध्ये तुलना होत नाही. किती पाणी घेतलं याच्याइतकंच, परत काय सोडलं आणि कुठे सोडलं हे महत्त्वाचं. जगभराची सरासरी काढली की एक छोटी नदी त्यात सहज बुडून जाते. ‘आम्ही अमुक टक्के पाणी वाचवलं’ असा दावा दिसला की मी विचारते, कोणत्या गावचं?

कापसाचं म्हणाल तर आपल्याला लांब जायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कापूस माणसांच्या डोक्याच्या वर वाढलेला आणि अंगावर साधा शर्ट. म्हणून सेंद्रिय कापसाची मागणी रास्त आहे. पण तिथेही कागद बघून भागत नाही. सेंद्रिय कापडाचं ‘गॉट्स’ हे जागतिक मानक चालवणाऱ्या संस्थेने २०२० साली स्वतःच जाहीर केलं की भारतात बनावट कागदांवर सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता.

आणि जिथे कापूस नाही, तिथे कधी ‘व्हिस्कोस’ म्हणजे रेयॉन लिहिलेलं असतं. ते लाकडाच्या लगद्यापासून होतं म्हणून दुकानात ‘नैसर्गिक’ म्हणून सांगतात. लगदा विरघळवायला कार्बन डायसल्फाइड लागतं, जे मज्जातंतूंना घातक आणि चटकन पेट घेणारं. उल्हासनगरजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी तिथे या रसायनाशी संबंधित टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. आसपासच्या घरांना हादरे बसले. झाडापासून आला म्हणून धागा निरुपद्रवी ठरत नाही, मधलं रसायन कोणतं आणि ते परत वापरलं जातं की हवेत सुटतं, हे विचारावं लागतं.

आता माणसं. मी कॅम्प पाचच्या मागच्या वस्तीत एका घरी बसले होते. दहा बाय बाराची खोली, दाराशी जीन्सचा गठ्ठा कमरेएवढा. बाई पॅन्ट उलटी करायची, चेनच्या पट्टीपासून सुरुवात, मग पट्ट्याच्या लुप्प्या, खिशाचे कोपरे, शेवटी पायाची दुमड. हातात चिमट्यासारखा छोटा कटर. लोंबणारा प्रत्येक धागा मुळाशी पकडून कट्. बोलताना तिची नजर पॅन्टवरून उठत नव्हती. धुलाई न झालेल्या पॅन्टची नीळ तिच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या रेघांत बसली होती. मला वाटलं शाई आहे. “पोळ्या करायच्या आधी रॉकेलने पुसते, ताई,” ती म्हणाली, “साबणाने जात नाही.” ठेकेदार गठ्ठा टाकून जातो, नग मोजून पैसे. कुठल्या लेबलची पॅन्ट, हे तिला ठाऊक नव्हतं. लेबल अजून लागायचं होतं.

हे धागे कापणं कोणत्याही ब्रँडच्या अहवालात येत नाही. तिची हजेरी नाही, फंड नाही, ईएसआय नाही. तरी तिच्या मजुरीचा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो आणि तो करायची सवय लावून घ्यावी. समजा एका पॅन्टला सहा मिनिटं लागतात. तासाला दहा, आठ तासांत ऐंशी. दिवसाची किमान मजुरी पाचशे धरली तर नगाला सव्वासहा रुपये पडायला हवेत. प्रत्यक्षात तिला काय मिळतं ते विचारून भागाकार करा. शिलाईच्या पीसवर काम करणाऱ्या कारागिरालाही हेच गणित लागू. पीसचा दर ठरवताना आठ तासांत कायद्याने ठरलेली मजुरी निघते का, आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट दर मिळतो का? बारा तास बसल्यावर जर आठ तासांची मजुरी निघत असेल, तर चार तास फुकट गेले. यात कोणी शिवीगाळ केलेली नाही, पगार बुडवलेला नाही, सगळं राजीखुशीने चाललं आहे, आणि तरी ते बेकायदा आहे.

युरोपातल्या ‘क्लीन क्लोद्स कॅम्पेन’ या संघटनेने एका टी-शर्टची किंमत सुटी करून दाखवली होती. दुकानात २९ युरो, त्यातले शिवणाऱ्याला १८ सेंट. शंभर रुपयांत साठ पैसे. म्हणजे शिवणाऱ्याची मजुरी दुप्पट केली तरी गिऱ्हाइकाला ते कळणारही नाही. ‘मजुरी वाढवली तर कपडा महागेल’ हे कारण ऐकलं की हा आकडा आठवावा.

कपड्याच्या धंद्यात कामगाराची बाजू मांडणं ही बाहेरून आलेली टूम नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षं भांडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. आज त्याच रविवारी आपण खरेदीला जातो. त्याहून थेट उदाहरण खादीचं आहे. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला राहत होते. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणाऱ्या बायांना नगण्य मजुरी मिळते हे त्यांना सहन होईना. त्यांच्या चरखा संघाने ठराव केला की आठ तास नीट कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्याने खादी महागली. खपाची चिंता संघातल्याच लोकांनी बोलून दाखवली, तरी ठराव मागे घेतला नाही. कापडाची शुद्धता कातणाऱ्याच्या मजुरीने मोजायची, हा विचार नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात झाला होता. आजच्या ‘एथिकल’ म्हणवणाऱ्या कोणत्याही लेबलपेक्षा मला तो जास्त स्पष्ट वाटतो.

प्रमाणपत्रांवर किती भरवसा ठेवावा? ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली. अडीचशेवर कामगार आत अडकून मेले, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला कामगारकल्याणाचं नावाजलेलं ‘एसए ८०००’ प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडा कारखान्यांची इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते, कामगारांनी आत जायला नकार दिला होता, त्यांना पगार कापायची धमकी देऊन आत घातलं गेलं. ढिगाऱ्यात नामांकित ब्रँडची लेबलं सापडली, तेव्हा काहींना आपला माल तिथे शिवला जात होता हेही कबूल करायला वेळ लागला. मला यातून एवढंच दिसतं की ज्या दिवशी तपासनीस कारखान्यात नसतो, त्या दिवशी ‘मी आत जाणार नाही’ म्हणायचा हक्क कामगाराला आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. संघटना नसेल तर तो हक्क कागदावर राहतो.

राणा प्लाझानंतर जो बांगलादेश करार झाला, त्यात ब्रँडनी कामगार संघटनांबरोबर सह्या केल्या आणि तो पाळणं कायद्याने बंधनकारक होतं. इमारती खरोखर तपासल्या गेल्या, जिने-दरवाजे बदलले गेले. आपल्याकडे तमिळनाडूत दिंडीगूलला एका तरुण दलित कामगार मुलीचा तिच्या पर्यवेक्षकाने खून केल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या स्त्री कामगारांच्या संघटनेने कंपनीबरोबर आणि एच अँड एम, पुढे गॅप आणि पीव्हीएच, या खरेदीदारांबरोबर असाच बंधनकारक करार करून घेतला. कारखान्याने लैंगिक छळ थांबवला नाही तर ऑर्डरवर परिणाम होईल, अशी त्यात तरतूद होती. ‘आमची आचारसंहिता आहे’ असं सांगणारा ब्रँड आणि ‘आम्ही कामगार संघटनेबरोबर करार केला आहे’ असं सांगणारा ब्रँड, यांना मी एका रांगेत बसवणार नाही.

तर भाच्याच्या टॅगकडे परत येऊ. ‘इको वॉश’ला कुठलीही सरकारी व्याख्या नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हिरव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पर्यावरणस्नेही, ग्रीन असं काही म्हणायचं तर पुरावा द्यावा लागेल, असं त्यात आहे. म्हणजे पुरावा मागायला आता आधार आहे. आम्ही दोघं मोबाइल घेऊन बसलो. ब्रँडच्या संकेतस्थळावर झाडांचे, हसऱ्या शेतकऱ्यांचे फोटो होते. पुरवठादारांची यादी शोधली. काही मोठे ब्रँड कारखान्यांची नावं-पत्ते देतात. दिले असतील तर ते ‘ओपन सप्लाय हब’ या खुल्या नकाशावर टाकून बघता येतात. या ब्रँडने शिलाईच्या कारखान्यांची नावं दिली होती, वॉशची नव्हती. यादी शिलाईपाशी थांबते तेव्हा ती पाण्यापाशी थांबलेली असते.

मग कंपनीचा वार्षिक अहवाल. शेअर बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेबद्दलचा वेगळा अहवाल सेबीने सक्तीचा केला आहे. तो कंटाळवाणा असतो, पण वाचण्यासारखा. कायम कामगार किती, कंत्राटी किती, स्त्रियांचा मध्यक पगार काय, पाणी किती घेतलं, किती सोडलं, हे सगळं त्यात तक्त्यांमध्ये असतं. अडचण अशी की हे आकडे बहुधा कंपनीच्या स्वतःच्या आवाराचे असतात. जी कंपनी स्वतः काहीच शिवत नाही तिचं पाणी म्हणजे कार्यालयातले नळ. तो तक्ता पाहून भाचा म्हणाला, “हे तर आपल्या सोसायटीपेक्षा कमी आहे.” बरोबर होतं.

वॉश कारखान्याचं नाव मात्र हाती लागलं तर महाराष्ट्रात पुढची वाट आहे. पाणी कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ यांखाली असा कारखाना चालवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. रोज किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे, ते कुठे सोडायचं, संमती कधीपर्यंत आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात ते मागता येतं. दिवसाला काही हजार लिटरची परवानगी आणि ट्रकभर पॅन्टी धुतल्या जातात, असं दिसलं तर पुढे अक्कलहुशारी लागत नाही.

कापडावर ‘ओको-टेक्स’चं चिन्ह होतं, त्याने भाचा खूश झाला होता. त्या चिन्हाच्या नेहमीच्या प्रकाराचा अर्थ एवढाच की तयार कपड्यात अंगाला अपायकारक रसायनं ठरावीक मर्यादेखाली आहेत. ते त्याच्या कातडीबद्दल बोलतं, नदीबद्दल किंवा धागे कापणाऱ्या बाईबद्दल काही म्हणत नाही. किमतीवरूनही काही ठरत नाही. एकाच वॉशमध्ये सहाशेची आणि सहा हजारांची पॅन्ट शेजारशेजारच्या ड्रममध्ये फिरू शकते.

मला कोणी विचारलं की गुण कसे द्यायचे, तर मी पुठ्ठ्याच्या टॅगला, कागदी पिशवीला, दुकानातल्या सौर दिव्यांना जवळजवळ काहीच देणार नाही. वॉशचा पत्ता उघड केला तर बरेच. धुलाईचा आणि शिलाईचा दर नियमांबरोबर वाढवला असेल आणि कामगार संघटनेबरोबर करार असेल तर सगळ्यात जास्त. आणि जीन्स घेऊच नये, हा सल्ला मी देत नाही. उल्हासनगरच्या वॉशवर कारवाई झाली तेव्हा पाण्याबरोबर हजारो हातांचं कामही तुटलं. त्यात धागे कापणाऱ्या त्या बाईच्या घराएवढ्याच गरजू घरांतले हात होते. ते काम हवंच आहे, योग्य दरात आणि स्वच्छ पाण्यात.

रात्री भाच्याने ब्रँडच्या तक्रार-पत्त्यावर मेल पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, गोड भाषेत: आम्ही पर्यावरणाबद्दल कटिबद्ध आहोत, आमचे सर्व भागीदार आचारसंहिता पाळतात. त्याने मला फोन केला, “मावशी, यांनी काहीच सांगितलं नाही.” मी म्हटलं, पुन्हा लिही, पण आता प्रश्न लहान ठेव. दुसऱ्या मेलमध्ये त्याने तीनच ओळी लिहिल्या. ही पॅन्ट कोणत्या कारखान्यात धुतली, नाव आणि गाव. त्या कारखान्याचं संमतीपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे. धुलाईचा नगामागचा दर तुम्ही शेवटचा कधी वाढवलात. खाली त्याने आपला पत्ता लिहिला: चामटोली, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे.